हौसाक्काचं कापलेलं मत

गेल्या आठवड्यात मी कणीक मळत होते, तर सुनेनं मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाली, "आई, या तुमच्या हौसाक्का ना?"

बघते तर खरंच हौसाक्का. अंजिरी लुगडं, नाकात मोरणी, चष्मा घसरू नये म्हणून मागून बांधलेली नाडी. तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि ती माझ्या परातीशेजारी उभी राहून बोलत होती. "मला रडू आलं. भाऊ पाया पडला आन् तिनं सही केली, तवा मीबी रडले." मग बासरी वाजली. मग पुन्हा ती. "भाऊ तो भाऊच असतो." झालं, संपलं.

ती ज्या सिनेमावर बोलत होती तो टीव्हीवर पुन्हा दाखवलाय म्हणे, म्हणून वाहिनीवाल्यांनी जुनी 'प्रेक्षकांची मतं' वर काढली. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते सुनेनं वाचून दाखवलं. किती गोड आजी. अशी बहीण प्रत्येक भावाला मिळो. हल्लीच्या मुलींनी शिकावं काहीतरी.

मी फोन परत दिला तर त्याला कणीक लागली. सून म्हणाली, असू दे आई, पुसते. पण मला काही असू देता येईना. पोळ्या केल्या त्या रागात केल्या, सगळ्या जाड झाल्या. गोड आजी म्हणे. अहो, ज्या बाईला आयुष्यात कोणी गोड म्हणायला धजलं नाही, तिला मेल्यावर गोड करून ठेवली. म्हणून हे लिहायला बसले. तिचं जे कापलं ते मला तोंडपाठ आहे. ती बोलली तेव्हा मी तिच्या मागच्याच खुर्चीवर होते.

आता ती कोण होती ते आधी सांगते.

लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानामागे पत्र्याची लांब खोली होती. पुढे फिरायला आलेल्यांची झुंबड, मागे आम्ही आठ-नऊ बायका पॅकिंगला. भट्टी पलीकडे, तिथे पुरुषमाणसं गुळाचा पाक करायची, लाटायची, कापायची. गार झालेले तुकडे आमच्याकडे यायचे. आम्ही ते कागदात गुंडाळायचे, पुडे करायचे, खोक्यात बसवायचे. मी तिथे लागले तेव्हा हौसाक्का जुनी होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. माहेर परंदवडीचं, शेतकऱ्याघरचं. नवरा रेल्वेत, घाटात रूळ तपासायला चालत जायचा. तो फार बोलत नसे. विचारलं तर म्हणायचा, "घरात येक बोलणारं हाय की."

शाळा चौथीपर्यंत. पण वाचायची अशी की मास्तरांनी ऐकावं. गावातल्या वाचनालयातून जाड पुस्तकं आणायची आणि जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून ओठ हलवत वाचायची. एक दिवस शमाभाभी, आमच्यातली सगळ्यात जुनी, बाजारपेठेच्या मागे राहायची, ती म्हणाली, "हौसे, मनात काय वाचतीस? आमी काय पाप केलंय?"

तेव्हापासून सुरू झालं. सुट्टीत सुरू झालं आणि कामाच्या वेळेत शिरलं. हौसाक्का उपड्या डब्यावर बसून वाचणार, आम्ही पुडे भरणार. तिच्या वाटणीचं काम बाकीच्यांनी करायचं, असं कोणी ठरवलं नाही, पण प्रत्येकीनं आपला खोका भरला की मूठभर पुडे तिच्या खोक्यात टाकायचे. संध्याकाळी तिचा खोका आमच्यापेक्षा आधी भरलेला असायचा.

शेठ एकदा आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "हौसाबाई, हे काय चाललंय? कारखाना आहे का कीर्तन?"

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "शेठ, वाचन चालू हाय तवर आठ जणींची तोंडं बंद हायेत आन् सोळा हात चालत्यात. बंद करू का?"

शेठ गेला. दोन दिवसांनी तिच्यासाठी बसायला पाट पाठवला.

तिच्या वाचण्याची एक गंमत होती, ती नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वाचताना तिचं उजव्या हाताचं बोट ओळीवरून सरकायचं. आणि मध्येच तिला राग आला, पुस्तकातल्या एखाद्या माणसाला दोन शब्द सुनवावेसे वाटले, की बोट वर जायचं. आवाज तोच, सूर तोच. म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं कसं, की हे लेखकानं लिहिलंय का ही बाई बोलतेय? तर बोटाकडे बघायचं. बोट टेकलेलं तर पुस्तक, बोट वर तर हौसाक्का. नवीन बाई कामाला आली की पहिलं हेच शिकवायचो. एकदा एका नव्या पोरीनं भट्टीवरच्या लोकांना सांगितलं की कादंबरीत लिहिलंय, दारुड्या नवऱ्याला घाटाच्या पहिल्या बोगद्यात नेऊन सोडावं. ते कादंबरीत नव्हतं.

रागीट तर अशी. दुकानासमोर एका गाडीवाल्यानं खाल्लेल्या कणसाची बुडखी काच खाली करून रस्त्यावर टाकली. हिनं ती उचलली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "तुमचं राह्यलं." आणि तिथंच उभी. तो काच वर करीना, खाली करीना. पण त्याच बाईनं, शमाभाभीचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा एकवीस दिवस डबा पोचवला, आणि रोज पोचवताना त्याला शिव्या दिल्या की तू बरा का होत नाहीस.

तर ते निळं पुस्तक. नाव लिहीत नाही, निळ्या पुठ्ठ्याचं होतं म्हणून आम्ही निळं पुस्तक म्हणायचो. एका शेतकरी घराची गोष्ट. तीन भाऊ, एक बहीण. बाप गेल्यावर जमीन वाटायची वेळ येते आणि भाऊ बहिणीला म्हणतात, हक्कसोड दे. म्हणजे बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं भावांना सोडला, असं सरकारी कागदावर लिहून सही करायची. आमच्याकडे घरोघर चालतं हे. बहिणीला बोलवायचं, पुरणपोळीचं जेवण घालायचं, साडीचोळी करायची आणि रजिस्टर कचेरीत न्यायचं. मी स्वतः केलीय सही. साडी हिरवी होती, पहिल्याच धुण्यात रंग गेला. असो, माझं राहू दे.

वाचता वाचता हौसाक्का त्या पानाशी आली. भाऊ पेन पुढे करतो ते पान. तिनं अर्धी ओळ वाचली, बोट तिथंच ठेवलं, आणि पुस्तक मिटलं. चिक्कीचा कागद खूण म्हणून घातला आणि खाली बसून पुडे भरायला लागली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. कोणी विचारायला धजेना. शेवटी शमाभाभीनंच विचारलं, "काय गं, त्या बाईचा हात तिथं लोंबकळत ठेवलायस, दुखत असंल की."

तेव्हा ती बोलली. तिला एकच भाऊ, बाळू, बारा वर्षांनी लहान. आई आजारी असायची म्हणून हिनंच कडेवर वाढवलेला. परंदवडीची त्यांची जमीन रस्त्याच्या बाजूला. कारखाने आले, गोदामं आली, जमिनीला सोन्याचा भाव आला. बाळूला एक गिऱ्हाईक पटलं होतं. पण सातबाऱ्यावर बापामागे दोघांची नावं लागलेली, हौसाक्काचं आणि त्याचं. दोन वर्षं तो हक्कसोड मागत होता आणि दोन वर्षं ती 'बघू' म्हणत होती.

"मग देणार का न्हाई?" एकीनं विचारलं.

"न्हाई देणार."

"आन् माहेर?"

शमाभाभी म्हणाली, "आमच्यात तर लेकीचा वाटा नेमून दिलाय. तरी काय, आमीबी माफच करतो भावाला. न्हाईतर ईदीला जायाचं कुटं?"

"तेच म्हन्ते मी," हौसाक्का म्हणाली. "हे कुनी ठरवलं, वाटा घेतला की भाऊ मेला? बाळू वाटा घेतो, मग त्याची बहीण का मरत न्हाई?"

चौथ्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं आणि शेवटपर्यंत एका दमात वाचलं. निळ्या पुस्तकातली बहीण सही करत नाही. पेन खाली ठेवते, न जेवता उठते, परत कधी त्या घराकडे बघत नाही. आम्ही म्हटलं, वा, शाबास. हौसाक्काचं बोट वर गेलं. "निम्मंच बराबर हाय," ती म्हणाली आणि पुस्तक परत करायला निघून गेली. काय निम्मं, ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं टीव्हीवर जाहिरात लागली की त्या कादंबरीवर सिनेमा केलाय, खास टीव्हीसाठी, रविवारी दुपारी. आम्ही सगळ्या शमाभाभीकडे जमलो, तिच्या मुलानं नुकताच मोठा टीव्ही आणला होता. हौसाक्का पुढे बसली. पुस्तक पुन्हा आणलं होतं, मांडीवर उघडं. टीव्हीत कोणी काही बोललं की ही पान शोधायची. "हे न्हाई यात. हेबी न्हाई." भाभी म्हणाली, "हौसे, गप बस की गं, नट लय चांगला हाय."

आणि मग शेवट आला. भाऊ येतो, बहिणीच्या पायावर डोकं ठेवतो. बाहेर भाऊबीजेच्या पणत्या. बासरी. आणि बहीण डोळे पुसत पेन उचलते आणि सही करते. सही. भाऊ तिला मिठी मारतो, वहिनी साडी आणते, म्हातारी आई फोटोतून हसते.

खोलीत सगळ्या हुंदके देत होत्या. मीसुद्धा, खोटं कशाला सांगू. हौसाक्का उठली आणि टीव्ही बंद केला. दुसऱ्याच्या घरातला टीव्ही.

"आगं नावं तरी येऊ दे," भाभी म्हणाली.

"कुनाची नावं? ज्येंनी ही लबाडी केली त्येंची?"

दुसऱ्या दिवशी पॅकिंगला दुसरा विषय नाही. एक म्हणाली, साड्या काय सुंदर होत्या. दुसरी म्हणाली, शेतकऱ्याचं घर म्हणे, एवढा मोठा फ्रीज आमच्या शेठकडे न्हाई. तिसरी म्हणाली, सिनेमात गोड शेवट लागतोच, पुस्तकासारखा ठेवला तर बघणार कोण. सगळ्यांचं एकच, की शेवटी फार रडू आलं, छान वाटलं.

"छान काय वाटलं?" हौसाक्कानं विचारलं.

"भाऊ-बहीण येक झाले की."

"येक न्हाई झाले. ती शून्य झाली, तो दोन झाला."

शेंगदाण्याचा कचरा झाडताना तिनं त्या दिवशी झाडू असा मारला की धूळ माझ्या डब्यात.

पुढच्या महिन्यात वाहिनीची माणसं लोणावळ्यात आली. सिनेमाचं थोडं चित्रीकरण आपल्या मावळात झालेलं, म्हणून इथल्या प्रेक्षकांची मतं घ्यायची होती. एका सभागृहात बायकांना बोलावलं, चहा-बिस्किटं ठेवली. एक तरतरीत मुलगी माईक घेऊन फिरत होती. बहुतेकींनी तेच सांगितलं, छान, हृदयस्पर्शी, घरच्यांसोबत बघण्यासारखा. हौसाक्काची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. काय म्हणाली ते आता लिहिते, एकही शब्द न कापता.

"मला रडू आलं. भाऊ पाया पडला आन् तिनं सही केली, तवा मीबी रडले. पर ह्या बाया मायेनं रडल्या आन् मी संतापानं रडले. पुस्तकात तिनं सही केलेली न्हाई. तुमी का करायला लावली? तिचा हात तुमी कुनाच्या परवानगीनं धरला? आता ह्या गावात ज्येच्या ज्येच्या बहिणीची सही राह्यलीय, तो तो भाऊ आज रातीला पाया पडायला जाईल. आन् आनखी सांगते, पुस्तकवाल्याचंबी चुकलं. पुस्तकवाल्यानं तिला भावाबिगर ठेवली, तुमी वाट्याबिगर ठेवली. दोन्ही घेऊन जगंल अशी बाई तुमच्यापैकी येकालाबी सुचली न्हाई? मी सही देनार न्हाई आन् भावाला सोडनारबी न्हाई. सही केली काय, न्हाई केली काय, भाऊ तो भाऊच असतो."

बोलताना तिचं बोट पूर्ण वेळ वर होतं. त्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "आजी, काय बोललात तुम्ही." आम्हाला वाटलं, चला, कोणीतरी ऐकलं.

पंधरा दिवसांनी ते टीव्हीवर लागलं. तुम्ही बघितलंच असेल. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, बासरी, आणि शेवटची निम्मी ओळ. कॅमेरा तिच्या तोंडाच्या इतका जवळ घेतलेला की बोट चौकटीच्या बाहेर.

मला आजही प्रश्न पडतो की ते कापायला बसलेल्या माणसाला एकदा तरी वाटलं असेल का, की आपण काय करतोय. त्याला वाटलं असेल, म्हातारीचं बोलणं लांबतंय. त्याला ती दिसली, तिचा चष्मा आवडला, डोळ्यांतलं पाणी आवडलं. तिचं मत तेवढं नको होतं. मत मागायला आला होतात ना रे बाबांनो? पाणीच हवं होतं तर तसं सांगायचं, आम्ही हंडा पाठवला असता.

तिसऱ्या दिवशी बाळू आला. घरी नाही, दुकानामागच्या आमच्या खोलीत. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा आणि साडीची पिशवी. चिक्कीच्या कारखान्यात पेढे आणणारा तो पहिलाच. सगळ्यांदेखत तो बहिणीच्या पाया पडला. अगदी सिनेमातल्यासारखं, डोकं टेकून.

"आक्का, टीव्हीवर बघितलं तुला. अख्ख्या गावानं बघितलं. मला म्हनले, बाळू, तुजी बहीण देवमाणूस हाय. सोमवारी वडगावला कचेरीत वेळ घेतलीय सहीची. गाडी पाठवतो."

तो लबाडी करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला खरंच वाटलं होतं की बहिणीनं टीव्हीवरून त्याला निरोप पाठवला. म्हणून तर मला त्याचा राग नाही येत. राग येतो तो कात्रीवाल्याचा.

हौसाक्कानं त्याला पाटावर बसवलं, पाणी दिलं. आणि मग तिनं सभागृहात म्हटलेलं सगळं, पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत, परत म्हटलं. तसंच, बोट वर करून. आम्ही पुडे बाजूला ठेवले. बाळूचा चेहरा उतरत गेला.

"मंजे न्हाई देनार."

"न्हाई. तू इक तुजा वाटा. माजा माज्या नावावर राहू दे. बापाची मी बी हाय."

"निम्मी जमीन कोन घेतंय आक्का? त्येला सलग पायजे. माजं समदं मोडतंय." मग त्याचा आवाज चढला. "लोकांनी काय म्हनायचं? टीव्हीवर येक आन् घरात येक?"

"ते टीव्हीला इचार."

तो उठला. साडीची पिशवी उचलली, पेढे तिथंच राहिले. दारात वळून म्हणाला, "भाऊबीजेला येऊ नको मग. मला बहीण न्हाई."

तो गेल्यावर तिनं पेढ्याचा पुडा उघडला, आम्हाला प्रत्येकीला एकेक दिला, स्वतः एक खाल्ला. खाताना म्हणाली, "खवा ताजा हाय." आणि मग चष्मा काढून नाडी सोडली, परत बांधली, परत सोडली.

त्या मुलीचा नंबर होता आमच्याकडे. हौसाक्कानं फोन लावला, मी शेजारी उभी होते. मुलगी गोड बोलली. म्हणाली, "आजी, वेळ कमी असतो हो, सगळ्यांचंच कापावं लागतं. पण तुम्ही इतक्या छान दिसलात, सगळ्यात जास्त लोकांना तुम्हीच आवडलात."

"पोरी, माजा भाऊ गेला तुज्या कात्रीत," हौसाक्का म्हणाली. तिकडून काहीतरी उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "तिला वाटलं, मेला. सांत्वन करती माजं."

भाऊबीज आली. मला वाटलं, जाणार नाही. ती गेली. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, करंज्या, सगळं मांडून वर रुमाल बांधला आणि लोकल धरली. बेगडेवाडीला उतरून फाट्यापर्यंत चालायचं, तिथून मिळेल त्या गाडीनं परंदवडी. दार लागलेलं होतं. ती उंबऱ्याशी बसली, निरांजन लावलं, दाराला ओवाळलं, कडीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, करंज्या पायरीवर ठेवल्या आणि परत आली. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. लोक हसायचे. तिचा मुलगा म्हणायचा, आई, लाज आणतेस. तिचं एकच, "मी काय चोरी करायला जाते का?"

चौथ्या वर्षी मी तिच्याबरोबर गेले. माझी लेक देहूरोडला दिलेली, तिच्याकडे जायचं होतं, म्हटलं आधी हिच्यासोबत जाऊन येऊ. हौसाक्का तेव्हा थकली होती, फाट्यापर्यंत तीनदा बसली. बसली तरी तोंड चालूच. सिनेमावाल्यांवर, बाळूवर, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर, माझ्या चपलांवर.

घरापुढे पोचलो तर बाळूची बायको अंगणात होती. ती आत शिरली, दार ओढलं, आणि खिडकीतून म्हणाली, "आक्का, कशाला पाय तोडत येता? जिला भाऊ न्हाई ती चंद्राला ओवाळती. तुमीबी घरूनच ओवाळा चंद्राला."

आमच्यात रीत आहे ती. भाऊ नसला तर चंद्राला भाऊ मानून ओवाळायचं.

हौसाक्का निरांजन लावत होती. वाऱ्यानं काडी विझली. तिनं दुसरी ओढली. "जिला भाऊ न्हाई तिनं चंद्राला ओवाळावं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण आत परसापर्यंत जावा असा. "मला हाय. आत बसलाय. चपला हायेत त्येच्या हितं."

खरंच चपला होत्या. तिनं ओवाळलं. दार, कडी, आणि मग वाकून त्या चपलांवरही चार अक्षता टाकल्या. करंज्या ठेवल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठली. आम्ही फाटकापाशी आलो आणि मागून, बंद दाराच्या आतून, आवाज आला.

"आता पाचपातुर गाडी न्हाई लोनावळ्याची. फाट्यावर रिक्षा करून जा म्हनाव. चालत जाऊ नको म्हनाव."

कोणाला सांगत होता देव जाणे. बायकोला, मला, दाराला. हौसाक्का जागच्या जागी वळली.

"तुला काय करायचंय?" ती ओरडली. "गाडीची काळजी करतो. चार वरसं थोबाड न्हाई दावलं आन् गाडीची काळजी करतो. मी चालतच जानार."

आणि गेली की चालत. मी मागे रिक्षा थांबवतेय, ही पुढे.

स्टेशनावर मला पुण्याकडची गाडी हवी होती, तिला लोणावळ्याची, म्हणजे फलाट वेगळे. पुलाच्या जिन्याशी तिनं माझा दंड धरला. चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या.

"मालन, बोलला," ती म्हणाली. "ऐकलंस ना तू? बोलला."

"ऐकलं."

"मग साक्ष हायेस. पुढं कुनी म्हनलं बहीण न्हाई, तर सांग."

मी पूल चढून माझ्या फलाटावर आले. रुळांच्या पलीकडे ती बाकावर बसली होती, मांडीवर रुमालात बांधलेलं रिकामं तबक, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. त्यानंतर त्या हिवाळ्यात तिचा मुलगा तिला नाशिककडे घेऊन गेला आणि ती तिकडेच वारली. म्हणजे मी पाहिली ती तीच शेवटची. वाटा तिनं सोडला नव्हता, आता तिच्या मुलाच्या नावानं लागलाय. आणि तिकडे दहाव्याला बाळू आला होता, असं तिच्या मुलानं सांगितलं. कोणी बोलावलं नव्हतं. बहिणीला माहेरचं शेवटचं लुगडं भावानं न्यायचं असतं, ते घेऊन आला होता, अंजिरी रंगाचं.

पण मला दिसते ती त्या बाकावरची. तिचे ओठ हलत होते. एकटीच बोलत होती, की समोरच्या फलाटावरून मलाच काही सांगत होती, कोण जाणे. माझी गाडी आली, मध्ये डबे आले, मी चढून पलीकडची खिडकी गाठली. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. गाडी हलली तरी ती बोलतच होती, कपाळाला आठ्या, मान ताठ.

आणि बोट वर होतं.